गोंदिया: ४७६ की ५०७?

गोंदिया जिल्हा एकच आहे, पण सरकारी कागदांत त्याचे क्रमांक बरेच आहेत. २०११ च्या जनगणनेच्या यादीत त्याचा देशपातळीवरचा क्रमांक ५०७. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ (एलजीडी) नावाची यादी आहे, तिच्यात ४७६. गाडीच्या पाटीवर एमएच-३५. गोंदिया शहराचा पिनकोड ४४१६०१, फोनचा एसटीडी कोड ०७१८२. रेल्वेच्या तिकिटावर गोंदिया जंक्शनसाठी ‘जी’ हे एकच अक्षर पुरतं आणि गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाला ‘जीडीबी’ ही तीन अक्षरं लागतात.

यातला प्रत्येक क्रमांक आपापल्या घरात बरोबर आहे. टपाल खात्याला ४४१६०१ पुरतो, परिवहन खात्याला ३५ पुरतो. अडचण येते ती दोन घरांची माहिती एकत्र आणायची वेळ येते तेव्हा. समजा, जनगणनेचा लोकसंख्येचा तक्ता आणि ग्रामपंचायतींच्या निधीचा तक्ता जोडायचा आहे. नावावरून जोडायला गेलं, तर जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात गोंदियाच्या स्पेलिंगमध्ये ‘वाय’ आहे आणि डिरेक्टरीतल्या स्पेलिंगमध्ये तो नाही. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून १३ लाख २२ हजार ५०७ लोकसंख्येचा अख्खा जिल्हा जोडणीतून गळतो.

नाव जमत नाही म्हणून कोणी कोडवरून जोडायला गेलं, तर धोका आणखी वाढतो. डिरेक्टरीतला ४७६ हा गोंदियाचा कोड जनगणनेच्या यादीत शोधला तर तिथे राजकोट सापडतं. संगणक तक्रार करत नाही, लाल अक्षरांत काही दाखवत नाही. तक्ता पूर्ण भरलेला दिसतो आणि गोंदियाच्या पुढ्यात गुजरातमधल्या जिल्ह्याचे आकडे बसतात. नाव चुकलं तर जागा रिकामी राहते आणि ती रिकामी जागा कोणाच्या तरी नजरेला येते. क्रमांक चुकीच्या यादीतला निघाला, तर जागा चुकीच्या माहितीने भरते आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून क्रमांकाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती?’ असा नाही, ‘कोणाच्या यादीतला?’ असा. एखाद्या जिल्ह्याचा क्रमांक असो, गावाचा असो किंवा संगणकात रात्री चालणाऱ्या एखाद्या कामाचा असो, हा प्रश्न सगळीकडे सारखाच लागू पडतो. या लेखात मुख्यतः त्या तिसऱ्या प्रकाराविषयी सांगायचं आहे, कारण सरकारी आणि खासगी कार्यालयांतली बरीचशी माहिती आज त्याच वाटेने फिरते.

एकाच नावाचे अनेक धनी

आधी नावांचं पाहू. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. गोंदिया हे जिल्ह्याचं नाव, तालुक्याचं नाव, शहराचं नाव, विधानसभा मतदारसंघाचंही नाव. अर्जुनी म्हटलं तर दोन तालुके समोर येतात. त्यातलं अर्जुनी मोरगाव कोणी ‘अर्जुनी/मोर.’ लिहितं, कोणी ‘मोरगाव अर्जुनी’ लिहितं. गोरेगाव म्हटलं की राज्यातल्या बहुतेकांना मुंबईचं उपनगर आठवतं. गावपातळीवर उतरलं की हा गुंता शतपट होतो. आमगाव, पिंपळगाव, खैरी अशा नावांची गावं विदर्भात जागोजागी आहेत.

माणूस संदर्भावरून ओळखतो. देवरीच्या बसमध्ये बसलेल्याला कोणतं गाव म्हणायचंय हे कंडक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. यंत्राला हा संदर्भ नसतो. त्याला प्रत्येक वस्तूसाठी एक असा क्रमांक लागतो, जो दुसऱ्या कोणालाही दिलेला नाही आणि नाव बदललं तरी बदलत नाही. डिरेक्टरीचं काम नेमकं हेच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती तयार केली. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, गाव अशा प्रत्येक घटकाला तिच्यात स्वतःचा कोड आहे. महाराष्ट्राचा कोड २७. राज्यातल्या जिल्ह्यांना कोड दिले गेले ते इंग्रजी वर्णक्रमाने, म्हणून गडचिरोली ४७५, गोंदिया ४७६ आणि हिंगोली ४७७. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा या रांगेत मध्येच घुसायला जागा नव्हती. त्याला पुढचा मोकळा क्रमांक मिळाला आणि वर्णक्रम मोडला. मोडला हेच योग्य झालं. वर्णक्रम टिकवण्यासाठी बाकीच्या जिल्ह्यांचे कोड सरकवले असते, तर त्या कोडांवर उभ्या असलेल्या सगळ्या जुन्या नोंदी खोट्या ठरल्या असत्या.

‘जॉब’ म्हणजे काय

आता संगणकातल्या कामाकडे येऊ. अनेक ठिकाणांहून माहिती उचलायची, ती स्वच्छ करून एका साच्यात बसवायची आणि एका जागी नेऊन ठेवायची, यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला डेटा इंटिग्रेशनचं सॉफ्टवेअर म्हणतात. इन्फॉरमॅटिका, टॅलेंड, एसएपी डेटा सर्व्हिसेस, आयबीएमचं डेटास्टेज ही त्यातली परिचित नावं. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि मोठी सरकारी खाती यांच्याकडे असं काही ना काही असतंच. त्यातलं एक ठरवून दिलेलं काम म्हणजे ‘जॉब’.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथे हमीभावाने धान खरेदी होते ती मुख्यतः मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत. समजा, दोन्हीकडच्या खरेदी केंद्रांच्या नोंदी रोज रात्री एकत्र करून चुकाऱ्यांची यादी बनवायची आहे. त्यासाठी कोणी एक जॉब लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘धान_खरेदी_रोज’. हा जॉब रात्री अकराला सुरू होतो, नोंदी वाचतो, शेतकऱ्याचा सातबारा आणि बँक खातं जुळवतो, गावाला डिरेक्टरीचा कोड लावतो आणि यादी तयार करतो.

हे नाव लिहिणाऱ्याने आपल्या सोयीसाठी ठेवलं. सॉफ्टवेअर मात्र पोटात त्याला नावाने ओळखत नाही. जॉब तयार होतो त्या क्षणी ते त्याला एक क्रमांक देतं. समजा तो ४१२ आहे. तो पडद्यावर सहसा दिसत नाही, रोजच्या कामात लागतही नाही. पण काही अडलं की तोच लागतो.

क्रमांक कशाला हवा असतो

इथे डेटास्टेजचं उदाहरण घेऊ, कारण त्यातली रचना उघडून दाखवता येते. हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकात व्हीमार्क या अमेरिकन कंपनीत जन्मलं. त्या कंपनीचा ‘युनिव्हर्स’ नावाचा डेटाबेस होता आणि डेटास्टेजचं इंजिन त्याच्यावरच बांधलं गेलं. पुढे कंपन्या बदलत गेल्या आणि २००५ मध्ये ॲसेंशियल ही कंपनी विकत घेऊन आयबीएमने डेटास्टेज आपल्याकडे आणलं. मालक बदलले तरी इंजिनाची जुनी पद्धत बराच काळ तशीच राहिली: प्रत्येक जॉबसाठी काही फायली बनवायच्या आणि त्या फायलींच्या नावात जॉबचा क्रमांक जोडायचा.

म्हणजे ४१२ क्रमांकाच्या जॉबची मांडणी ‘आरटी_कॉन्फिग४१२’ या फायलीत असते, तो कुठवर पोचला ही स्थिती ‘आरटी_स्टेटस४१२’ मध्ये आणि चालताना झालेल्या सगळ्या नोंदी, म्हणजे लॉग, ‘आरटी_लॉग४१२’ मध्ये. ‘धान_खरेदी_रोज’ हे नाव या फायलींवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आता प्रसंग पाहा. सर्व्हरवरची जागा संपत आली म्हणून सांभाळणारा माणूस डिस्क तपासतो, तर ‘आरटी_लॉग४१२’ ही फाइल बेसुमार फुगलेली. जुन्या ३२-बिट रचनेत अशी फाइल दोन जीबीच्या पलीकडे गेली की ती बिघडते आणि तिच्यामागचा जॉबही अडकतो. लॉग सहसा डायरेक्टर या साधनातून साफ करतात, आणि तिथे जॉब दिसतात ते नावाने. म्हणजे क्रमांकावरून नाव शोधायला हवं.

दुसरा प्रसंग याच्या उलट. जॉब उघडायला गेलं, तर तो दुसरा कोणी वापरत असल्याचा संदेश येतो. प्रत्यक्षात कोणी वापरत नसतं. आदल्या दिवशी कोणाचं तरी नेटवर्क मध्येच तुटलं आणि जॉब उघडताना त्याला लागलेलं कुलूप तसंच राहिलं. इंजिनाकडे कुलपांची यादी मागितली तर तिच्यात दिसतात ‘आरटी_कॉन्फिग’ आणि पुढे आकडे. आपल्या जॉबचा क्रमांक ठाऊक असेल, तरच आपलं कुलूप कोणतं हे कळतं. न समजता भलतंच कुलूप काढलं, तर दुसऱ्याचं चालू काम मोडतं.

तो शोधायचा कसा

शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये, म्हणजे जॉबच्या गटात, इंजिन ‘डीएस_जॉब्स’ नावाची एक फाइल ठेवतं. त्या प्रोजेक्टमधल्या सगळ्या जॉबची ती हजेरीवहीच. एका रकान्यात नाव आणि ‘जॉबनो’ या रकान्यात क्रमांक. ॲडमिनिस्ट्रेटर हे साधन उघडायचं, प्रोजेक्टांच्या यादीतून आपलं प्रोजेक्ट निवडायचं आणि ‘कमांड’ या बटणावर जायचं. तिथे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या नेहमीच्या घाटाचा एक प्रश्न लिहायचा: डीएस_जॉब्समधून जॉबनो दे, जिथे नाव ‘धान_खरेदी_रोज’ आहे. नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचं आणि शेवटी अर्धविराम द्यायचा. नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी हवीत, नाहीतर उत्तर रिकामं येतं. क्रमांक माहीत आहे आणि नाव हवंय, तर हाच प्रश्न उलटा विचारायचा: नाव दे, जिथे जॉबनो ४१२ आहे.

हे सगळं केवळ वाचण्यापुरतं. या फायलींमध्ये हाताने काही बदलायला जाऊ नये. नाव आणि क्रमांक यांची गाठ तिथे एकदा सुटली, की जॉबला आपली स्थिती आणि आपला लॉग सापडत नाही.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो आणखी दोन आकड्यांमुळे. जॉबची माहिती मागितली की ‘वेव्ह नंबर’ आणि ‘प्रोसेस आयडी’ असे आकडे समोर येतात आणि त्यांतलाच एक जॉबचा क्रमांक असावा असं वाटतं. तसं नाही. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस रोज १२१०६ याच क्रमांकाने निघते. हा झाला जॉबचा क्रमांक. आज निघालेली गाडी ही तिची आजची खेप. हा वेव्ह नंबर, आणि तो प्रत्येक खेपेला पुढे सरकतो. आजच्या गाडीला लागलेलं इंजिन म्हणजे प्रोसेस आयडी. तो ऑपरेटिंग सिस्टीमने त्या वेळेपुरता दिलेला असतो आणि काम संपलं की पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. ‘मंगळवारी रात्री काय बिघडलं?’ याचं उत्तर खेपेच्या क्रमांकावरून मिळतं. ‘या जॉबच्या फायली कुठे आहेत?’ याचं उत्तर जॉबच्या क्रमांकावरून मिळतं.

यात आणखी एक पदर आहे. एकच जॉब एकाच वेळी अनेक वाटांनी चालवता येतो. आपला धान खरेदीचा जॉब आठ तालुक्यांसाठी आठ वेळा एकदम सुरू केला, तर प्रत्येक वाटेला एक वेगळं ओळखनाव द्यावं लागतं, त्याला इन्व्होकेशन आयडी म्हणतात. तिथे तालुक्याचा डिरेक्टरी कोड वापरला तर सालेकसा आणि सडक अर्जुनी यांच्या नोंदी पुढे कधीही वेगळ्या काढता येतात. जॉबचा क्रमांक मात्र आठही वाटांना तोच, आणि लॉगची फाइलही एकच. ती लवकर फुगते याचं हे एक कारण.

घरगुती क्रमांक आणि सामायिक क्रमांक

मग हा ४१२ कागदपत्रांत लिहून ठेवायचा का? इथे जपून राहायला हवं. हा क्रमांक त्या एका सर्व्हरवरच्या त्या एका प्रोजेक्टपुरता आहे. जॉबचं नाव बदललं तरी तो टिकतो. पण चाचणीच्या सर्व्हरवर तयार केलेला जॉब खऱ्या कामाच्या सर्व्हरवर नेला, की तिथे त्याला नवा क्रमांक मिळतो. इथला ४१२ तिथे ८७ असू शकतो, आणि तिथला ४१२ भलताच कोणी असू शकतो. गोंदिया आणि राजकोट यांची जी गत, तीच इथे. म्हणून सर्व्हरांच्या मध्ये बोलताना प्रोजेक्टचं आणि जॉबचं नाव वापरावं. क्रमांक वापरावा तो त्या सर्व्हरच्या पोटात शिरताना.

ही अडचण ओळखून नव्या पिढीच्या सॉफ्टवेअरांनी दुसरी वाट धरली. क्लाउडवरच्या अनेक साधनांत जॉबला यूयूआयडी देतात: ३२ अंक-अक्षरं, आठ-चार-चार-चार-बारा अशा गटांत. त्याचा आवाका इतका मोठा की जगात दोन ठिकाणी चुकून सारखाच क्रमांक पडण्याची शक्यता नगण्य. तो वाचायला कठीण, तोंडपाठ होणं तर अशक्यच. पण त्याला ‘कोणाच्या यादीतला?’ हा प्रश्न विचारावा लागत नाही.

क्रमांकात अर्थ भरावा की नाही, हा जुना वाद आहे. रोजगार हमीच्या जॉब कार्डाचा क्रमांक अर्थाने भरलेला असतो. आधी राज्याची दोन अक्षरं, मग जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि गाव यांचे आकडे, आणि तिरक्या रेषेपुढे कुटुंबाचा क्रमांक. वाचणाऱ्याला एका नजरेत कुटुंबाचा ठावठिकाणा कळतो, हा त्याचा गुण. पण सीमा हलल्या की असा क्रमांक अडचणीत येतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आदल्या दिवशी ज्या गावाचा जिल्हा भंडारा होता, त्याचा दुसऱ्या दिवशी गोंदिया झाला. ज्या ज्या क्रमांकाच्या पोटात जिल्हा बसलेला असतो, त्याला अशा वेळी एकतर खोटं व्हावं लागतं किंवा बदलावं लागतं.

पिनकोडने हा प्रश्न फार आधी चतुराईने सोडवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे कवीही होते. पिनकोडातही अर्थ आहे. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे. पण हा अर्थ टपालाच्या वाटेशी बांधलेला आहे, महसुली सीमेशी नाही. म्हणून ४४१ ने सुरू होणारे पिनकोड नागपूरच्या ग्रामीण भागात आहेत, भंडाऱ्यात आहेत आणि गोंदियातही. जिल्हा फुटला तरी पोस्टमनची पिशवी त्याच वाटेने गेली. ज्या गोष्टीवर आपला ताबा आहे तिचाच अर्थ क्रमांकात भरावा, हा यातला धडा आहे.

तक्ता बनवणाऱ्यांसाठी

गोंदियात आज कितीतरी तरुण ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात, बँकेत किंवा पुण्या-नागपूरच्या कंपनीत माहितीची जोडाजोडी करतात. त्यांच्यासाठी यातून काही साध्या सवयी निघतात. तक्त्याच्या माथ्यावर नुसतं ‘जिल्हा कोड’ लिहू नये. ‘जिल्हा कोड, जनगणना २०११’ किंवा ‘जिल्हा कोड, एलजीडी’ असं यादीचं नाव घालून लिहावं. जोडणी कोडवरून करावी, पण नावाचा रकाना काढून टाकू नये. जोडणी झाल्यावर दोन्हीकडची नावं शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचावीत. राजकोट तिथेच पकडलं जातं. कोडाच्या आधीची शून्यं एक्सेलमध्ये गळतात, म्हणून कोडाचा रकाना आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा. ०७१८२ चा ७१८२ झाला की तो दुसऱ्या कोणत्याच यादीशी जुळत नाही. आणि जॉब सोपवून दुसऱ्या नोकरीला जाताना प्रोजेक्टचं नाव, जॉबचं नाव, त्या सर्व्हरवरचा क्रमांक आणि तो कसा शोधायचा हे एका पानावर लिहून द्यावं.

हे काम दिसत नाही आणि त्याचं कौतुकही होत नाही. पण धान देऊन महिना उलटला तरी चुकारे न आलेला शेतकरी कार्यालयात येऊन उभा राहतो, तेव्हा ‘सिस्टीममध्ये नाही’ हे उत्तर त्याच्या काही कामाचं नसतं. त्याची नोंद कोणत्या केंद्रावर झाली, कोणत्या रात्रीच्या खेपेत उचलली गेली, कोणत्या जॉबने तिला कोणत्या गावाचा कोड लावला आणि ती नेमकी कुठे गळाली, हे मागे मागे शोधत जाता आलं पाहिजे. त्या वाटेवर प्रत्येक वळणाला एक क्रमांक लागतो. ते क्रमांक आणि त्यांच्या याद्या नीट लिहून ठेवलेल्या असतील, तर त्या शेतकऱ्याला त्याच दिवशी खरं उत्तर देता येतं, आणि ते मिळणं हा त्याचा हक्क आहे.